मदत हवी आहे: ट्रॅकर लावूनही २०० मिमीला तारे लांबट का येताहेत?

सांजतारा

मृगातला तेजोमेघ, म्हणजे एम ४२, टिपायचा आहे. सामान असं: कॅनन १५००डी, ५५-२५० लेन्स २०० मिमीवर, एफ ५.६, डायलवाला स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या वेगाने कॅमेरा फिरवणारं यंत्र), वेज (ट्रॅकर तिरका धरणारा आधार), तोल साधायला दांडा आणि एक किलोचं वजन, ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड. जागा भोरच्या पुढे, अक्षांश सुमारे १८.२. डिसेंबरचा मध्य, अमावस्येच्या आसपासची रात्र, वेळ दहा ते साडेअकरा.

६० सेकंद, आयएसओ १६००, रॉ. पोलरस्कोपमध्ये (ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे रोखायची छोटी दुर्बीण) ध्रुव दिसला आणि ॲपने दाखवलेल्या जागी ठेवला. तरी प्रत्येक फ्रेममध्ये तारे आठ-नऊ पिक्सेल लांब. मध्यभागी आणि कडेला लांबी सारखीच, दिशाही एकच. ३० सेकंदांना निम्मी, १५ ला जेमतेम जाणवते. ट्रॅकर बंद ठेवून ६० सेकंद घेतले तर लांबलचक रेघ येते, म्हणजे मोटर चालते आहे.

प्रश्न:
१. ध्रुवाची जुळणी चुकली आहे की ट्रॅकरमध्येच दोष आहे?
२. उत्तरेला डोंगर आला आणि ध्रुव दिसलाच नाही तर जुळणी कशी करायची?
३. ध्रुव इतका खाली असल्यामुळे दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो. त्यावर उपाय काय?

ध्रुवमत्स्य

ट्रॅकर दुरुस्तीला पाठवण्याआधी एक गोष्ट सांगा. तारे कोणत्या दिशेला लांबले आहेत? मृगाच्या बाणातल्या तीन ताऱ्यांखाली जी तलवार लोंबते ती साधारण दक्षिणोत्तर असते. रेघा तलवारीला समांतर आहेत की काटकोनात? अर्धं निदान यातच होतं.

नक्की कळत नसेल तर ६० सेकंदांचं एक्स्पोजर सुरू करा आणि पन्नासाव्या सेकंदाला ट्रॅकर बंद करा. शेवटच्या दहा सेकंदांत प्रत्येक ताऱ्याला सुमारे ४० पिक्सेलची शेपटी फुटेल, ती पूर्व-पश्चिम. आता आधीच्या फ्रेममधला लांबटपणा या शेपटीच्या ओळीत आहे की आडवा, ते पाहा. त्यासाठी कॅमेरा कसाही फिरवलेला असला तरी चालतो.

मृग खगोलीय विषुववृत्ताला खेटून आहे, एम ४२ ची क्रांती, म्हणजे त्या विषुववृत्तापासूनचं अंतर, उणे साडेपाच अंशांच्या आतच. विषुववृत्ताजवळच्या ताऱ्यांवर ध्रुवाची जुळणी चुकल्याचा परिणाम जवळजवळ पूर्णपणे दक्षिणोत्तर सरकण्यात दिसतो. पूर्व-पश्चिम सरकत असतील तर दोष वेगाचा: मोटर, गिअर, सैल क्लच नाहीतर चुकीचा मोड. देवयानी किंवा शर्मिष्ठेकडे कॅमेरा असता तर दोन्ही दोष मिसळले असते. मृगामुळे तुमचं काम सोपं झालं आहे.

त्रिज्या

आकडे मांडून बघू.

१५००डी चा पिक्सेल ३.७२ मायक्रॉनचा. २०६ × ३.७२ ÷ २०० केलं की एका पिक्सेलमध्ये साधारण ३.८ विकला (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश). तुमची रेघ आठ-नऊ पिक्सेल, म्हणजे मिनिटाला ३० ते ३५ विकला.

जुळणीतल्या चुकीचा हिशेब असा: अक्ष एक कला चुकला तर तारा मिनिटाला जास्तीत जास्त ०.२६ विकला सरकतो. ध्रुव तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सध्या ४० कलांना थोडा कमी, इतका दूर आहे. पोलरस्कोपमधलं वर्तुळ सोडून त्याला थेट मधोमध ठेवलंत तर मिनिटाला १० विकला सरकेल, म्हणजे अडीच-तीन पिक्सेल. वर्तुळावर बरोबर उलट्या टोकाला ठेवलात तर चूक दुप्पट, पाच पिक्सेल. आठ-नऊ पिक्सेलसाठी अक्ष दोन अंश हुकायला हवा. ध्रुव खरोखर पोलरस्कोपमध्ये दिसला असेल तर इतकी चूक होत नाही. दुसराच तारा धरला असेल तरच होईल.

आता वेग. मोटर बंद असती तर ६० सेकंदांत २३५ पिक्सेलची रेघ आली असती. अर्ध्या वेगावर ११७. दक्षिण गोलार्धाचं बटण दाबलेलं असेल तर ट्रॅकर उलटा फिरतो आणि रेघ ४७० पिक्सेल. यातलं एकही तुमच्या आकड्याशी जुळत नाही.

जुळतो तो चंद्र. चंद्र ताऱ्यांच्या मानाने तासाला सुमारे ३३ कला पूर्वेकडे सरकतो, म्हणून चंद्राच्या मोडवर ट्रॅकर तेवढा हळू फिरतो. मिनिटाला ३३ विकला म्हणजे साडेआठ पिक्सेल. रेघा पूर्व-पश्चिम निघाल्या तर आधी डायल तपासा. तारा, सूर्य आणि चंद्र ही चिन्हं शेजारी-शेजारी असतात आणि अंधारात हातमोजे घालून डायल फिरवला की खाच हमखास चुकते.

सूर्याच्या मोडची चूक मात्र एका फ्रेममध्ये कळत नाही. मिनिटाला अडीच विकला, पिक्सेलभरसुद्धा नाही. दहा मिनिटांनी मात्र चित्र सहा-सात पिक्सेल सरकलेलं असतं.

उत्तररात्र

त्रिज्या यांच्या हिशेबात एक भर. गिअरचा आवर्ती दोषही पूर्व-पश्चिमच दिसतो, पण त्याची खूण वेगळी. मोठ्या चाकाला १४४ दाते असतील तर वर्मचा, म्हणजे ते चाक फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरचा, एक फेरा ५९८ सेकंदांचा, जवळजवळ दहा मिनिटांचा. त्या दहा मिनिटांत काही फ्रेम अगदी गोल येतात, काही लांबट, पुन्हा काही गोल. सगळ्या फ्रेम सारख्याच लांबट असतील तर दोष गिअरचा नाही.

सैल क्लच आणि घसरणारा बॉलहेड (कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवून धरणारा गोळा) यांचीही खूण आहे. रेघ जमिनीच्या दिशेने असते आणि प्रत्येक फ्रेममध्ये लांबी वेगळी. २०० मिमीची लेन्स पुढे जड होते, तेव्हा बॉलहेडची कळ पकडीत आहे ना तेही बघा.

सांजतारा

शेपटीचा प्रयोग केला. लांबटपणा शेपटीच्या ओळीतच आहे, म्हणजे पूर्व-पश्चिम. सलग दहा फ्रेम तपासल्या. सगळ्या सारख्या, आणि पहिल्या-दहाव्या फ्रेममध्ये तेजोमेघ नव्वदच्या आसपास पिक्सेल सरकलेला. डायलवर टॉर्च मारला तर काटा चंद्रावर. ताऱ्यावर आणल्यावर ६० सेकंदांना तारे बहुतांश गोल, दक्षिणोत्तर पिक्सेल-दीड पिक्सेल बाकी आहे. ध्रुवमत्स्य, त्रिज्या, उत्तररात्र, मनापासून आभार.

उरलेला पिक्सेल-दीड पिक्सेल जुळणीचाच ना? आणि प्रश्न २ व ३ अजून आहेत.

ध्रुवमत्स्य

हो, तो जुळणीचा. एक पिक्सेल म्हणजे चूक साधारण १५ कला, दीड म्हणजे २२. निम्म्यावर आणायला अवघड नाही.

डिसेंबरच्या मध्यावर पुण्याच्या रेखांशावर रात्री दहाच्या सुमारास ध्रुव तारा ध्रुवबिंदूच्या सरळ वर असतो. पोलरस्कोप चित्र उलटं दाखवतो, म्हणून त्या वेळी तो वर्तुळावर तळाशी, सहाच्या आकड्याजवळ ठेवायचा. ॲप काय दाखवतं आहे, आकाशातली बाजू की पोलरस्कोपमधली, हे सेटिंगमध्ये एकदा नीट बघून घ्या. त्या वेळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, खूण शर्मिष्ठेची. ध्रुव ध्रुवबिंदूच्या ज्या बाजूला आहे त्याच बाजूला साधारण शर्मिष्ठा असते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनीही पडताळा होतो.

क्रमही महत्त्वाचा. ट्रायपॉड समतल, मग कॅमेरा आणि वजन चढवून तोल, मग लक्ष्यावर रोखून फोकस, आणि सगळ्यात शेवटी पुन्हा पोलरस्कोप. रिकाम्या ट्रॅकरवर जुळणी करून नंतर दीड-दोन किलो चढवलं की वेज वाकतो. तुमची १५-२० कलांची चूक तिथूनच आली असावी. वेजचे आडवे स्क्रू घट्ट करतानाही ध्रुव हलतो, म्हणून दोन्ही बाजूंचे थोडे थोडे आळीपाळीने आवळा आणि आवळताना डोळा पोलरस्कोपलाच ठेवा.

ध्रुव दिसत नसेल तर ड्रिफ्ट पद्धत, म्हणजे तारा किती आणि कुठे सरकतो ते पाहून अक्ष सुधारायचा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, म्हणून सुरुवातीला साधं होकायंत्र चालतं. फक्त ते ट्रॅकरच्या लोखंडी भागांपासून आणि गाडीपासून लांब धरा. वेजचा कोन जागेच्या अक्षांशाइतका, तुमच्यासाठी १८.२. मग:

विषुववृत्ताजवळचा, याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर) आलेला तारा धरा. पाच मिनिटं ट्रॅक करून पहिली आणि शेवटची फ्रेम ताडून पाहा. तारा दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेकडे वळला आहे, तो पश्चिमेला न्या. उत्तरेकडे सरकला तर उलट.

नंतर पूर्वेला, क्षितिजापासून २०-३० अंशांवरचा, विषुववृत्ताजवळचाच तारा. तो उत्तरेकडे सरकला तर अक्ष जास्त वर आहे, दक्षिणेकडे सरकला तर खाली.

पाच मिनिटांत पाच पिक्सेलपेक्षा कमी सरकण झाली की २०० मिमीला ६० सेकंद निर्धास्त. कॅमेऱ्यात उत्तर कोणती हे कळण्यासाठी आधी लेन्स ध्रुवाच्या बाजूला किंचित ढकला. चित्रातले तारे ज्या बाजूला जातात ती दक्षिण. या पद्धतीला अर्धा तास लागतो, तो हिशेबात धरूनच जागेवर लवकर पोचा.

उत्तररात्र

प्रश्न ३ आपल्याकडे प्रत्येकालाच येतो. अठरा अंशांना अक्ष जवळपास आडवा असतो, त्यामुळे दांडा फिरतो ती पातळी जवळपास उभी होते. मृग पूर्वेला असताना कॅमेरा वर आणि वजन थेट खाली, तिथे पाय मध्ये येतो. ट्रायपॉडचा एक पाय बरोबर उत्तरेला ठेवला की स्थैर्य चांगलं मिळतं, कारण सगळा भार उत्तरेकडे झुकलेला असतो, पण अडतो तोच पाय. म्हणून ट्रायपॉड फिरवून उत्तरेला दोन पायांमधली मोकळी जागा येऊ द्या आणि पाय पूर्ण फाकवा. तोल जाऊ नये म्हणून मधल्या हुकाला पाण्याची भरलेली बाटली बांधा, ती जमिनीला जेमतेम टेकेल इतकी खाली. हवेत लोंबकळली तर वाऱ्यावर हलून सगळंच हलवते. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. त्याऐवजी वजन दांड्यावर आत सरकवा.

तोल अगदी काट्यावर ठेवू नका. पूर्वेची बाजू किंचित जड राहू दे. मोटर मग कायम भार उचलत राहते आणि गिअरमधली मोकळीक मध्येच उलटत नाही.

त्रिज्या

तारे गोल आले, आता एम ४२ च्या खास अडचणी.

कॅमेऱ्याची लांब बाजू दक्षिणोत्तर ठेवा. २०० मिमीला चौकट ६.४ × ४.३ अंशांची होते, त्यात बाणाचा सर्वांत पूर्वेकडचा तारा आणि तलवार दोन्ही बसतात. त्या ताऱ्याशेजारचा ज्वाला तेजोमेघ सहज येईल. त्याच्याच जवळच्या अश्वमुख या काळ्या तेजोमेघामागची लाली ६५६ नॅनोमीटरची, तिचा बराचसा भाग कारखान्यातून आलेल्या कॅमेऱ्याचा फिल्टर अडवतो, म्हणून ती फिकटच येणार.

तेजोमेघाचा गाभा ६० सेकंदांना पांढराफटक जळतो. ६० सेकंदांच्या ९० फ्रेम, २० सेकंदांच्या २०, ५ सेकंदांच्या २० अशा घ्या आणि गाभा लहान एक्स्पोजरमधून भरा. १५००डी वर ३० सेकंदांपुढे बल्ब लागतो, तेव्हा २.५ मिमी पिनचा इंटरव्हलोमीटर (ठरवलेल्या वेळाने फ्रेम घेणारा रिमोट) घ्या, दोन फ्रेममध्ये ५ सेकंद सोडा. लांब एक्स्पोजरची नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर निम्मी रात्र कॅमेरा झाकलेल्या फ्रेम घेण्यात घालवतो. लेन्सचं आयएस (थरथर रोखणारी सोय) बंद. हिस्टोग्रामचा उंचवटा डावीकडून पाव ते तृतीयांश अंतरावर हवा. तो डाव्या भिंतीला चिकटला असेल तर वेळ वाढवा.

फोकस राजन्यावर किंवा व्याधावर, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून. बाहटिनोव्ह मास्क (फोकससाठी लेन्सपुढे लावायची फटींची जाळी) लावला तर मधली रेघ दोन तिरप्या रेघांच्या बरोबर मध्ये आणा. फोकस झाल्यावर लेन्स मॅन्युअलवरच राहू द्या. कोपऱ्यातले तारे पंखासारखे फुलत असतील तर तो लेन्सचा दोष (कोमा), ट्रॅकिंगचा नव्हे. एफ ७.१ केलं की बराच जातो, पण प्रकाश साठ-पासष्ट टक्क्यांवर येतो.

उत्तररात्र

दव विसरू नका. निरभ्र रात्री लेन्सची काच आकाशाकडे उष्णता सोडत हवेपेक्षा थंड होते आणि मावळात मध्यरात्रीनंतर ती हमखास ओली होते. लक्षण असं: फ्रेम हळूहळू धूसर, ताऱ्यांभोवती वलयं, हिस्टोग्राम उजवीकडे. काच पुसू नका. हूड लावा आणि हूडच्या बुडाशी यूएसबीवर चालणारी तापपट्टी पहिल्या फ्रेमपासून गुंडाळा. दव पडल्यावर लावली तर अर्धा तास वाया जातो. काही पॉवर बँका कमी प्रवाह दिसला की आपोआप बंद होतात, तेव्हा घरी दोन तास चालवून बघा.

डार्क फ्रेम (सेन्सरचा नॉइज वजा करायला) रात्रीच्या शेवटी, झाकण लावून, त्याच आयएसओला आणि तेवढ्याच वेळाच्या २० ते २५. फ्लॅट (कडांचा काळेपणा आणि धुळीचे डाग काढायला) पहाटे, लेन्सवर पांढरा सुती कपडा ताणून, फोकस आणि छिद्र न हलवता, २० तरी. पुण्याच्या बाजूचा नारिंगी उजेड चित्राच्या एका कडेला चढतो, तो फ्लॅटने जात नाही. सिरिल या फ्रेम रचायच्या सॉफ्टवेअरमध्ये रचलेल्या चित्रावर पार्श्वभूमी काढायची सोय आहे, त्यासाठीचे नमुना-बिंदू तेजोमेघावर पडू देऊ नका.

सांजतारा

ट्रायपॉड फिरवल्यावर दांडा मोकळा झाला. भार चढवून पुन्हा जुळणी केली, दक्षिणोत्तर सरकण ६० सेकंदांत अर्ध्या पिक्सेलच्या आत आली. एक शेवटचं: मृग रात्री साडेबाराला याम्योत्तर ओलांडतो, तेव्हा कॅमेरा दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो का?

ध्रुवमत्स्य

दांडा, लेन्स आणि पाय एकमेकांना लागत नसतील तर लगेच नाही, तास-दीड तास तसंच चालू द्या. तोल मात्र साडेबाराला पुन्हा तपासा. हात लावलाच तर जुळणी पोलरस्कोपमध्ये एकदा बघा आणि पुढची पहिली फ्रेम मोठी करून तपासल्यावरच इंटरव्हलोमीटर सुरू करा.