जलरंग आणि संगीत एकाच स्टेजवर, कागद वाळून चाललाय, काय करावं?

ओला_कागद (छ. संभाजीनगर):
मी जलरंगात काम करतो. अंबाजोगाईचा एक संगीतकार मित्र आहे, दोघं मिळून 40 मिनिटांचा कार्यक्रम बसवायलोत, तो संध्याकाळच्या मारवा रागात बांधलेलं वाजवणार अन् मी त्याच वेळी दौलताबादच्या किल्ल्याची संध्याकाळ रंगवणार. पण त्याचा आलाप निवांत, इकडं एप्रिलातला कागद बघता बघता खडखडीत. ओल्यात ओला रंग सोडायचा म्हणलं तर तोवर कडा पडलेल्या असतात. तो म्हणतो तू हात उचल, मी म्हणतो तू आवर. कोणी केलंय का असं?

परभणीची_पोर:
दादा कागद कोणताय? 300 जीएसएमचा (म्हणजे जाड) कॉटन कागद घ्या, दोन्हीकडून भिजवा, खाली ओला टॉवेल टाका. पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब. अन् कूलरचा झोत कागदावर नको.

पेटीवाला:
टॉवेल राहू द्या, वाळू द्या की! मारव्यात वाजवणारा सा वर यायचं लांबवत नेतो, पंचम (प) तर नसतोच, अन् तुम्ही लोक पांढरं राखता कारण एकदा गडद झालं की फिकं होत नाही. मग किल्ल्याच्या कडेवरचा उजेड आधीच मास्किंग फ्लुइडनं (रंग अडवणारं, नंतर सोलून निघणारं रबरी पातळ) झाका, वर सगळी संध्याकाळ चढवा, अन् तो सा वर येऊन थांबला की तेव्हा खरडून काढा. ते पूर्ण वाळल्यावरच निघतं, म्हणजे ऊन तुमच्याच कामाचं. फक्त कडक उन्हात तसंच ठेवू नका, कागद घेऊन निघतं, मी एक चांगलं चित्र असंच घालवलंय.

वाचतो_फक्त:
रशियन संगीतकार मुसोर्गस्कीनं 1874 ला त्याचा मित्र हार्टमनच्या चित्रांवर पियानोसाठी रचना केली, पण हार्टमन आदल्या वर्षीच वारलेला, त्यामुळं लय कोणाची हा वादच नाही. आपल्या दख्खनी रागमालेतही (रागांवरची जुनी चित्रं) चित्रकारच रागाच्या मागं गेलाय. तुम्ही दोघं समोरासमोर बसणार, भांडण होणारच. आणि व्हिडिओ कोणाच्या चॅनलवर जाणार ते आत्ताच लिहून ठेवा, चित्राचा हक्क तुमचा, चालीचा त्याचा, व्हिडिओचं मात्र नंतर लैच लांबतं.

ओला_कागद:
मास्किंगचं डोक्यातच आलं नव्हतं राव. रात्री फोन केला तर म्हणे, मी सा कधी लावायचा ते आता तू सांगणार का? अर्धा तास तेच. शेवटी रविवारी ऊन उतरल्यावर गच्चीत बसायचं ठरलंय, कोपऱ्याला बोट लावून बघणार, वाळला की मान हलवणार. @परभणीची_पोर, ग्लिसरीन आभाळापुरतं वापरतो.