होडीवर छत केल्यापासून इंजिनाचा धूर आत येतो, बाबांना त्रास होतोय. मदत हवी आहे

नमस्कार. देवबागला आमची अठरा फुटी फायबर होडी आहे, मागे 9.9 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक औटबोर्ड इंजिन. बाबा आणि काका कर्ली खाडीत गरवायला जातात. दिवाळीनंतर मी स्वतः पाइप लावून ताडपत्रीचं छत केलं आणि तुषार अंगावर येऊ नयेत म्हणून पुढून जाड पारदर्शक प्लास्टिक बांधलं. तेव्हापासून हे सुरू झालंय.

दुपारी खारा वारा सुटला की खाडीत वर, नेरूरपारच्या बाजूला जाताना तो पाठीवर येतो. गळ मागे सोडलेले, इंजिन अगदी मंद. अर्ध्या-पाऊण तासात बाबांचं डोकं ठणकतं, मळमळतं. काका म्हणतात, बोट लागली असेल. चाळीस वर्षं समुद्रात काढलेल्या माणसाला खाडीच्या सपाट पाण्यात बोट लागेल? घरी येऊन तासभर अंगणात बसले की बरे होतात. मागच्या रविवारी गळाला गाठ मारताना त्यांचा हात दोनदा चुकला. ती गाठ ते अंधारातही मारतात. तेव्हा मात्र मी घाबरलो.

दुसऱ्या दिवशी मीच सोबत गेलो. छताच्या चारही खांबांना जाळ्याच्या धाग्याचे तुकडे बांधले. येताना वारा समोरून होता, तरीही मागच्या खांबांवरचे धागे इंजिनाकडे उडायचे सोडून आत, बाबांच्या तोंडाकडे वळत होते.

प्लग बदलला. पेट्रोलमध्ये तेल बाबा अंदाजाने ओतायचे, ते आता लिटरला 20 मिली मोजून घालतो. निळा धूर आणि वास बराच कमी झाला, पण डोकं ठणकायचं थांबलं नाही. हे कसं?

छत ठेवून धूर बाहेर ठेवता येईल का? उन्हात त्यांना छताशिवाय जमणार नाही. एका मेकॅनिकने इंजिनाच्या मागच्या भोकाला रबरी नळी जोडून धूर लांब सोडायला सांगितलंय, ते करावं का? आणि फोर-स्ट्रोक घेतलं तर प्रश्न सुटेल का? पैसे जमवावे लागतील, म्हणून आधी विचारतोय.

प्रतिसाद

दादा, प्लास्टिक आजच काढा, बाकीचं नंतर. निळा धूर जळक्या तेलाचा, तो दिसतो. डोकं ठणकवतो तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. म्हणून धूर कमी दिसला तरी त्रास तसाच राहिला.

तुमच्या धाग्यांनी कारण दाखवलंच आहे. पुढचा पडदा वारा अडवतो, त्याच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि होडी मागची हवा आत ओढते. वेगात असताना बराचसा धूर पंख्याजवळ पाण्याखाली सुटतो, मंद चालवताना पाण्याच्या वरच्या भोकातून. त्यात वारा पाठीवर आणि होडीच्याच वेगाचा असला, तर धूर होडीसोबतच चालतो.

नळी लावू नका. ती तापते, आणि धूर नीट बाहेर पडला नाही तर इंजिन कोंडतं. फोर-स्ट्रोकने धूर आणि वास कमी होईल, पण हा वायू त्यातूनही येतो. होडीसाठी बनवलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, बाबा बसतात तिथे तोंडाच्या उंचीवर लावा. पुन्हा तसं वाटलं तर लगेच इंजिन बंद, उघड्या हवेत बसवा आणि थेट डॉक्टरकडे न्या. सांगताना इंजिनाच्या धुराचा उल्लेख नक्की करा.

धागाकर्ता

मनापासून आभार. प्लास्टिक काढलं, छत ठेवलं. वारा समोरून असताना चारही धागे इंजिनाकडे उडाले, बाबांनी स्वतः पाहिलं. वारा पाठीवर घेतला की उजव्या मागच्या खांबाचा अजूनही आत वळतो. त्यामुळे आता गळ न सोडता वेगात वर जातात आणि वाऱ्याला तोंड करून गरवत खाली येतात. चार दिवस झाले, डोकं दुखलं नाही. अलार्म मागवलाय.

आता इंजिनाच्या दांड्याला जोड देऊन बाबांना मधल्या फळीवर बसवायचं आहे, म्हणजे ते धुरापासून चार फूट लांब राहतील. जोडाला पीव्हीसी पाइप चालेल की अ‍ॅल्युमिनियमचाच घ्यावा? ज्यांनी लावलाय त्यांनी कृपया सांगा, वळताना तो हातात सैल पडतो का?