इंग्लंडमधील इमारतीच्या वळचणीत स्विफ्ट पक्ष्यांसाठी पेट्या बसवण्याबाबत सल्ला हवा आहे

केंब्रिजवासी

नमस्कार. केंब्रिजमध्ये आम्ही राहतो त्या तीन मजली इमारतीच्या वळचणीत दरवर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला स्विफ्ट, म्हणजे आपल्याकडील पाकोळ्यांच्या कुळातील पक्षी, येतात आणि ऑगस्ट लागता लागता आफ्रिकेकडे निघून जातात. रहिवाशांच्या समितीने वळचणीच्या कुजलेल्या फळ्या काढून तेथे प्लास्टिकच्या फळ्या बसवण्याचे ठरवले असून कंत्राटदाराने जूनमधील तारीख दिली आहे. आमच्या भागातील स्वयंसेवकांचा एक गट पेट्या, म्हणजे येथे ज्यांना नेस्ट बॉक्स म्हणतात त्या, स्वतः बसवून देण्यास तयार आहे, आणि हा विषय समितीपुढे मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. भिंतीवर घाण होईल का, दरवर्षी पेट्या स्वच्छ कोण करणार, आणि एवढे करून पक्षी येतीलच कशावरून, असे सदस्यांचे प्रश्न आहेत. माझा स्वतःचा प्रश्न वेगळा आहे: पेट्या मिळणारच असतील, तर जुन्या फटी बुजवल्या तर चालेल का?

ईलीकर

आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सर्व त्यावर अवलंबून आहे. जुन्या फटी शक्यतो बुजवू नयेत, आणि जूनमध्ये तर त्यांना हातही लावू नये. स्विफ्टची जोडी वर्षानुवर्षे त्याच इमारतीतील त्याच भोकात परत येते. ते बंद दिसले की ती जवळपासची दुसरी जागा सहजासहजी स्वीकारत नाही, भिंतीवर धडका देत राहते आणि बहुधा तो हंगाम वाया जातो. अंडी दोन किंवा तीन असतात, ती उबवण्यास सुमारे तीन आठवडे लागतात आणि पिल्ले साधारण सहा आठवड्यांनी उडतात, त्यामुळे एकदा हुकलेला हंगाम त्याच वर्षी भरून निघत नाही. शिवाय १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्यानुसार वापरात असलेले घरटे जाणूनबुजून नष्ट करणे हा गुन्हा आहे. ही बाब कंत्राटदाराला लेखी कळवावी; तारीख सप्टेंबरवर जाण्यास सहसा तेवढे पुरते. परांची आणि तिच्यावरील जाळीनेही पक्ष्यांची वाट अडते, म्हणून केवळ फळ्यांचे काम पुढे ढकलून परांची आधीच उभी करून ठेवण्यात अर्थ नाही.

नव्या फळ्या बसवताना ज्या ठिकाणी पक्षी आत जातात नेमक्या त्याच ठिकाणी ६५ मिलिमीटर रुंद आणि २८ मिलिमीटर उंच अशी आडवी फट ठेवता येते. एवढ्या उंचीच्या फटीतून स्टार्लिंग, म्हणजे मैनेच्या कुळातील पक्षी, सहसा आत शिरू शकत नाही. यासाठी या जूनमध्ये संध्याकाळी खाली उभे राहून कोणता पक्षी कोठून आत जातो याची खूण छायाचित्रावर करून ठेवा. स्वयंसेवकांच्या गटाकडून पेट्यांपूर्वी मी हीच मदत मागितली असती.

आता सदस्यांच्या शंका. हे पक्षी भिंतीवर चिखल थापत नाहीत. हवेत तरंगणारी पिसे आणि काड्या उडता उडताच टिपून, त्या लाळेने चिकटवून, आत एक उथळ कडे करतात. पिल्लांची विष्ठा बहुतेक आईबापच उचलून नेतात, त्यामुळे खाली फारशी घाण दिसत नाही. पेटी दरवर्षी साफ करण्याची गरज नसते. उलट जुने कडे तसेच राहिलेले त्यांना उपयोगी पडते. आवाज मात्र होतो. जून आणि जुलैच्या संध्याकाळी थवे छपराच्या उंचीवरून किंचाळत जातात, आणि ज्याला तो आवाज आवडत नाही त्याची समजूत कशी घालावी हे मला अद्याप कळलेले नाही.

पेटी जमिनीपासून किमान पाच मीटर उंच असावी आणि तिच्या तोंडासमोर झाड, तार किंवा खालच्या मजल्याचे छप्पर येऊ नये, कारण पक्षी बाहेर पडताना आधी खाली झेपावतो. वळचणीच्या सावलीतील उत्तरेकडील किंवा पूर्वेकडील भिंत उत्तम. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडात पारा ४० अंशांच्या वर गेला होता. अशा दिवशी दक्षिणेकडील उघड्या भिंतीवरच्या पेटीत पिल्लांचे काय होत असेल याचा विचार करून जागा निवडावी.

वास्तुरेखा

मी बांधकाम आराखड्यांच्या क्षेत्रात काम करते. वरील सल्ल्याशी सहमत आहे. एक भर घालते. आपली इमारत जुनी असल्याने बाहेरून लावायच्या पेट्याच सोयीच्या, परंतु भिंतीची दुरुस्ती होणार असेल तर स्विफ्ट ब्रिक, म्हणजे भिंतीत विटेच्या जागी बसणारी पोकळ पेटी, अवश्य विचारात घ्या. ती इमारतीइतकीच टिकते, तिला रंग लागत नाही आणि भिंतीच्या जाडीमुळे आत तापमान कमी चढते. अशा पेट्यांची निवड आणि बसवणी यांसाठी २०२२ पासून स्वतंत्र ब्रिटिश मानक आहे. ब्रायटन आणि होव्ह येथील नगरपालिकेने २०२० मध्येच पाच मीटरहून उंच नव्या इमारतींसाठी त्या बांधकाम परवानगीच्या अटींत घातल्या. पुढे लेखिका हॅना बोर्न-टेलर यांनी त्या देशभर सक्तीच्या व्हाव्यात म्हणून मागणी लावून धरली. त्यांच्या अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि जुलै २०२३ मध्ये त्यावर संसदेत चर्चा झाली. डिसेंबर २०२४ च्या राष्ट्रीय नियोजन धोरणात स्विफ्टचा नावानिशी उल्लेख आहे, पण उल्लेख म्हणजे सक्ती नव्हे, आणि बांधकाम व्यावसायिक हा फरक चांगला ओळखतात.

रिकाम्या राहिलेल्या पेटीत चिमण्या आल्या तर नाराज होऊ नका. त्याही येथे घटत्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहेत.

कुतूहल

एक शंका विचारतो, कोणाचा उत्साह मोडण्याचा हेतू नाही. हवेतील कीटकच कमी झाले असतील, तर भिंतीवर पेट्या लावून काय साधणार? घर दिले आणि अन्न नाही, असे तर होत नाही ना?

ईलीकर

शंका योग्य आहे. १९९५ पासून ब्रिटनमधील स्विफ्टची संख्या ६० टक्क्यांहून अधिक घटली आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचा लाल यादीत समावेश झाला. या घटीत अन्नाचा वाटा किती आणि घरट्यांच्या जागांचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. अन्न घेऊन येणाऱ्या पक्ष्याच्या घशात कित्येक शे कीटकांचा एक गोळा असतो, यावरून गरजेचा अंदाज येईल. तथापि हे पक्षी अन्नासाठी दूरवर जातात, पाऊस असलेला प्रदेश टाळून वळसा घालतात, आणि पिल्ले थंड, ओल्या हवेत काही दिवस अंग थंड ठेवून उपाशी तग धरू शकतात. अन्नाच्या बाबतीत त्यांच्याजवळ थोडी तरी लवचिकता आहे. बुजवलेल्या भोकापुढे मुळीच नाही. शिवाय कीटकांचा प्रश्न शेती, औषधफवारणी आणि हवामान यांच्याशी निगडित असल्याने तो एका गल्लीतील मंडळींच्या हाती नाही, वळचण मात्र आहे.

पेट्यांत पक्षी येतात याला पुरावे आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गइतिहास संग्रहालयाच्या मनोऱ्यात घरटी करणाऱ्या स्विफ्टचा अभ्यास १९४८ पासून चालू आहे, आणि केंब्रिजजवळील फुलबर्न येथे जुनी वसाहत पाडून नवी बांधताना घरांत पेट्या बसवल्याने तेथील पक्षी टिकून राहिले. मात्र पहिल्या वर्षी पेटी रिकामी राहणे हेच स्वाभाविक समजा. स्विफ्ट बहुधा तीन-चार वर्षांचा झाल्यावर प्रथम अंडी घालतो. त्याआधीचे तरुण पक्षी जून-जुलैत जागा हेरत फिरतात आणि पसंत पडलेल्या जागी पुढील मे महिन्यात परततात. या तरुणांसाठीच मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सकाळी आणि संध्याकाळी पेटीजवळ छोट्या स्पीकरवर त्यांच्या हाकांचे ध्वनिमुद्रण लावतात. शेजाऱ्यांना आधी विचारावे, हे सांगायला नकोच. आपल्याकडे वळचणीत पक्षी आधीच असल्याने त्याची गरज कदाचित भासणारही नाही. पेट्या त्यांच्या फटींपासून काही मीटरवर, दोन-तीन एकत्र लावा.

पुणेरी_पक्षीप्रेमी

हा धागा वाचून पुण्यात आमच्या सोसायटीवर अशाच पेट्या लावाव्यात असे वाटू लागले आहे. त्यांचा आपल्याकडील पाकोळ्यांना उपयोग होईल का?

ईलीकर

या पेट्यांचा फारसा नाही. महाराष्ट्रात वस्तीजवळ दिसणारी, पांढऱ्या कमरेची लहान पाकोळी फटीत शिरण्याऐवजी वाड्यांचे दिंडी दरवाजे, किल्ल्यांच्या कमानी, पूल, सज्जे यांच्या छताला खालून पिसांची आणि गवताची घरटी चिकटवते, तीही एकमेकांना लागून, आणि अंडी-पिल्ले नसतानाही रात्री मुक्कामाला तेथेच येते. तेथे करण्याजोगे काम म्हणजे रंगकाम किंवा डागडुजी करताना ती घरटी खरवडून काढू न देणे. त्याला पेटी लागत नाही, मुकादमाशी वेळेवर बोलावे लागते.

केंब्रिजवासी

सर्वांचे आभार. समितीपुढे तीन मागण्या ठेवतो: काम सप्टेंबरमध्ये व्हावे, नव्या फळ्यांत जुन्या जागी फटी ठेवाव्यात, आणि पेट्या त्यानंतर, त्याच परांचीवरून उत्तरेकडील भिंतीवर बसवाव्यात, म्हणजे शिडीचा वेगळा खर्चही पडणार नाही. फटींच्या जागा टिपण्यासाठी गटातील दोघे जूनमध्ये येण्यास तयार आहेत. एकच विचारायचे राहिले: त्या काळात एखादे पिल्लू खाली पडलेले आढळले तर काय करावे?

ईलीकर

हवेत उडवू नका. अनेकजण हाच सल्ला देतात आणि तो घातक आहे. भोके पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर ठेवून खोके शांत, सावलीच्या जागी ठेवा, चोचीत पाणी किंवा पाव घालू नका, आणि स्विफ्ट सांभाळणाऱ्या जवळच्या शुश्रूषा केंद्राला लगेच दूरध्वनी करा. तो क्रमांक आपल्या गटाकडे असेल. आताच मागून घ्या आणि इमारतीच्या सूचना फलकावर लावून ठेवा.