समतोल, साम्यावस्था की स्थिरावस्था?

दारव्हा तालुक्यातील एक शिक्षिका :
अकरावी-बारावीच्या मुलांसाठी हवामानावर मराठीत एक टिपण लिहीत आहे. ‘इक्विलिब्रियम’ या एकाच संज्ञेसाठी कुठे ‘समतोल’, कुठे ‘संतुलन’, तर कुठे ‘साम्यावस्था’ असे शब्द आढळतात. उलट स्थितीला ‘असमतोल’ म्हटले की मुले त्याचा अर्थ सरळ ‘बिघाड’ असा लावतात. एका विद्यार्थ्याने लिहिले आहे, ‘माठातले पाणी दुपारभर सारखेच गार राहते, म्हणून ते हवेशी समतोलात असते.’ उत्तर चुकले आहे हे मला समजते. परंतु कोणत्या शब्दाने ते दुरुस्त करावे, हे ठरत नाही.

वर्धा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक :
ताई, विद्यार्थ्याचे निरीक्षण अचूक आहे, चुकला आहे तो फक्त शब्द. ‘समतोल’ आणि ‘संतुलन’ या दोन्ही शब्दांमागे तराजू आहे. दोन्ही पारड्यांत सारखे वजन पडून काटा थांबला, की तो तसाच ठेवण्यासाठी बाहेरून काहीही पुरवावे लागत नाही. ‘साम्यावस्था’ हा शब्द सांख्य दर्शनातला. सत्त्व, रज आणि तम हे तीन गुण सारखे असतात तेव्हा सृष्टी व्यक्त होत नाही; साम्य ढळले की ती उलगडू लागते. म्हणजे जिथे निव्वळ देवघेव उरत नाही आणि म्हणून काही घडतही नाही, अशा अवस्थेला हे शब्द शोभतात. उष्मागतिकीला, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राला, अभिप्रेत असलेला अर्थही याच्या अगदी जवळचा आहे.

माठाचे तसे नाही. मे महिन्यात बाहेर ४४ अंश तापमान असताना माठाच्या छिद्रांतून पाणी पाझरते आणि त्याची वाफ होते. वाफ होणारे प्रत्येक ग्रॅम पाणी सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जाते, तर भोवतालची गरम हवा माठाला सतत उष्णता देत असते. जाणारी आणि येणारी उष्णता सारखी झाली की तापमान एका ठिकाणी टिकते, मात्र त्यासाठी पाणी खर्ची पडत राहते. हाच माठ प्लास्टिकने घट्ट गुंडाळून ठेवला, तर काही तासांत पाणी खोलीतल्या हवेइतकेच कोमट होईल. हवेशी औष्णिक समतोल म्हणायचा तो हा, आणि तो कोणालाही नको असतो! श्रावणातल्या दमट हवेत माठ नावापुरताच गार लागतो, त्याचे कारणही हेच आहे. प्रवाह चालू असताना टिकून राहणाऱ्या स्थितीला मी ‘स्थिरावस्था’ म्हणेन.

एक अडचण मात्र राहते. ढळला तरी परत जागेवर येणाऱ्या समतोलालाही पुष्कळ जण ‘स्थिर समतोल’ म्हणतात, त्यामुळे ‘स्थिर’ या शब्दावर दोन अर्थांचे ओझे पडते. तिथे ‘स्थायी समतोल’ लिहावे आणि ‘स्थिर’ हा शब्द प्रवाहासाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे.

मेहकर तालुक्यातील एक वाचक :
आमच्याकडच्या लोणार सरोवराचे उदाहरण इथे जोडावेसे वाटते. या सरोवराला बाहेर जाणारा ओढा नाही. पाऊस आणि झरे यांनी आलेले पाणी मुख्यतः वाफ होऊनच जाते, त्यामुळे वर्षभराची आवक-जावक जुळली तर पातळी साधारण तीच राहते. परंतु वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते मागेच साचतात. म्हणून ‘सरोवर स्थिरावस्थेत आहे’ हे वाक्य मला अपुरे वाटते. पाण्याच्या दृष्टीने की क्षारांच्या, हे सांगितलेच पाहिजे.

वर्धा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक :
आपली दुरुस्ती मान्य आहे, आणि पृथ्वीच्या बाबतीत तर ती फारच उपयोगी पडते. वातावरणाच्या माथ्यावर, सूर्याकडे तोंड केलेल्या प्रत्येक चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊर्जा मिळते. गोल पृष्ठभागावर वाटून ती ३४० वॅट भरते, त्यातली ३० टक्के परावर्तित होते आणि साधारण २४० वॅट शोषली जाते. तेवढीच अवरक्त प्रारणाने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांनी, परत गेली, तर त्याला हवामानशास्त्रज्ञ समतोल म्हणतात. काटेकोरपणे पाहता ही माठासारखी स्थिरावस्थाच आहे. तरी रूढ झालेली संज्ञा भाषांतरकाराने एकट्याने बदलू नये. ‘ऊर्जेचा समतोल’ असे लिहावे, म्हणजे कशाचा ते स्पष्ट होते.

आता ‘असमतोल’ या शब्दाविषयी. वर्तमानपत्रांनी ‘पर्यावरणाचा समतोल बिघडला’ असे लिहून लिहून समतोलाला सद्गुण आणि असमतोलाला दोष करून टाकले आहे. वास्तविक विषुववृत्ताकडे मिळकत जास्त आणि ध्रुवांकडे तूट आहे म्हणूनच वारे आणि सागरी प्रवाह चालू आहेत. जमीन आणि समुद्र सारखेच तापले असते, तर आपला मोसमी पाऊस आलाच नसता. शेतातले पऱ्हाटीचे झाडसुद्धा ऊन, पाणी आणि हवा यांच्या सततच्या देवघेवीवर उभे असते, आणि पूर्ण समतोल साधलेले झाड म्हणजे वाळलेले सरपण. समतोलापासून दूर असलेल्या अशा प्रणालींवरील कामासाठीच इल्या प्रिगोजिन यांना १९७७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याउलट पृथ्वीच्या हिशेबातला आजचा असमतोल ही मोजलेली राशी आहे, प्रति चौरस मीटर सुमारे एक वॅट, आणि तीही मिळकतीच्या बाजूने. मला तिथे ‘शिल्लक’ हा जमाखर्चातला शब्द आवडतो, कारण ही शिल्लक खरोखरच साठते आणि तिचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग समुद्रात जातो.

सिंदेवाही तालुक्यातील एक शेतकरी वाचक :
गुरुजी, हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखानदारी सुरू होण्यापूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० होता, तो आता ४२० च्या वर गेला आहे. तराजू एका बाजूला झुकवणाऱ्या या कारणाला ‘पासंग’ म्हणता येईल काय?

वर्धा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक :
शब्द मोहक आहे, भाऊ, पण उलटा पडेल. पारड्यांत मुळात असलेला फरक पासंगाने भरून काढायचा असतो. इथे तर फरकच नव्याने पडला आहे.

दारव्हा तालुक्यातील एक शिक्षिका :
विद्यार्थ्याच्या वहीत आता असे लिहिले आहे : ‘माठातले पाणी तापमानाच्या दृष्टीने स्थिरावस्थेत आहे, हवेशी समतोलात नाही.’ शेवटची एक शंका आहे. ‘समतोल हवामान संवेदनशीलता’ ही संज्ञा चालेल का?

वर्धा तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक :
ती ‘समतोल आहार’सारखी वाचली जाईल आणि संवेदनशीलताच समतोल आहे, असे वाटेल. अभिप्रेत आहे ती कार्बन डायऑक्साइड दुप्पट होऊन, समुद्रासह सारे स्थिरस्थावर झाल्यानंतरची सरासरी तापवाढ. आयपीसीसी या हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय समितीच्या २०२१ च्या अहवालाने तिचा सर्वोत्तम अंदाज ३ अंश आणि संभाव्य पल्ला २.५ ते ४ अंश दिला आहे. म्हणून ‘समतोलानंतरची तापवाढ’ असे लिहा, आणि खोल समुद्र सावकाश तापत असल्यामुळे तो समतोल यायला शतके लागतात, हे त्याच ओळीत जोडा.