शिष्यवृत्तीतली फी विद्यार्थ्याच्या खात्यात कशाला? थेट कॉलेजला द्या

खडापारशी

महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज सुरू झाले की दरवर्षी तोच घोळ होतो, म्हणून मत आधीच मांडून ठेवतो.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीत २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. उरलेले ४० टक्के राज्याचे. भत्ता पोरांच्या खात्यात यावा, याबद्दल वादच नाही. पण त्या ६० टक्क्यांत फीसुद्धा असते. ती सात दिवसांत कॉलेजात भरायची, असा नियम आहे. सरकारचे पैसे कॉलेजलाच जायचे असतील तर मधे पोराचं खातं कशाला?

हिशोब करा. समजा इंजिनिअरिंगची मान्य फी १,२०,००० आहे. केंद्राच्या वाट्याचे ७२,००० विद्यार्थ्याकडे येणार. राज्याने आपला वाटा सोडल्याशिवाय केंद्र आपला सोडत नाही, त्यामुळे पैसे येईपर्यंत कित्येकदा शैक्षणिक वर्ष संपत आलेलं असतं. तोवर कॉलेजच्या दप्तरी तो थकबाकीदार. मग अकाउंट सेक्शन हॉल तिकीट अडवतं, नाहीतर प्रवेशाच्या वेळीच 'आधी भरा, आली की परत घ्या' म्हणतं. शिष्यवृत्तीला पात्र असलेल्याकडून ही फी आगाऊ मागायचीच नाही, असं समाजकल्याण विभाग परिपत्रकं काढून सांगत आलाय. पण खिडकीवर परिपत्रक दाखवणाऱ्या पोराला 'वरून आलं की बघू' हे उत्तर ठरलेलं.

आणि पैसे येतात त्या आठवड्यात घरात भाडं तुंबलेलं असतं, कुणाचं ऑपरेशन असतं. तिथे ७२,००० रुपये सात दिवस कुणी हात न लावता ठेवेल, ही अपेक्षा मंत्रालयात बसूनच करता येते. फी कॉलेजला, भत्ता विद्यार्थ्याला. एवढं साधं आहे.

दप्तरबंद

साधं होतं तेव्हा काय झालं तेही सांगा की. रक्कम संस्थेला जायची त्या काळात राज्यात बोगस पट निघाले. एकच विद्यार्थी दोन ठिकाणी, कोर्स सोडून गेलेल्याच्या नावावर वर्षभर उचल, मान्य फीपेक्षा जास्त दाखवलेली फी. शेवटी विशेष तपास पथक नेमावं लागलं. खात्यात थेट रक्कम आणि आधारची जोडणी आली ती त्यातून, कुणाला हौस होती म्हणून नाही.

शिवाय पैसा पोराच्या खात्यात आला की निदान त्याला कळतं की आपल्या नावावर किती मंजूर झाले. संस्थेकडे परस्पर गेले तर 'अजून आलेच नाहीत' हे ऐकत तो पुढच्या वर्षात जातो आणि पडताळायला त्याच्याकडे काहीच नसतं.

खडापारशी

@दप्तरबंद, बोगस पट आधारमुळे थांबला, पैसे कुणाच्या खात्यात जातात त्यामुळे नव्हे. आधारचा ओटीपी दिल्याशिवाय अर्जच होत नसेल तर भूत विद्यार्थी उभा कसा करणार? पडताळणी विद्यार्थ्याची ठेवा, रक्कम संस्थेला पाठवा. दोन्ही एकत्र जमतं.

दप्तरबंद

ओटीपी सायबर कॅफेवाल्याला देऊन अर्ज भरणारे कमी आहेत का? एकाच मोबाईल नंबरवर पन्नास अर्ज. जाऊ द्या.

सायनकोळीवाडा

तुमच्या दोघांच्या वादात खातं म्हणजे फक्त 'कुणाचं' एवढाच प्रश्न दिसतोय. पैसे अडकण्याची जागा वेगळी आहे. इथे बरीच पोरं वाचतात म्हणून सविस्तर लिहितो.

एक. आधार जोडलेलं खातं म्हणजे अर्जात लिहिलेलं खातं नव्हे. एनपीसीआयच्या मॅपरवर (कुठलं आधार कुठल्या बँकेला जोडलंय त्याची यादी) ज्या बँकेची नोंद सगळ्यात शेवटची, तिथे पैसे जातात. गॅस सबसिडीसाठी किंवा सिम घेताना कुठल्या तरी पेमेंट बँकेच्या संमतीवर टिक केली असेल तर जोडणी तिकडे सरकलेली असते. मग पोरगा स्टेट बँकेचं पासबुक भरत बसतो आणि पैसे तिसरीकडेच पडलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, बँकेचं नाव तिथे येतं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन डीबीटीसाठी (सरकारी रक्कम थेट खात्यात येण्यासाठी) जोडणीचा फॉर्म द्या. 'केवायसी झालंय' म्हणजे हे झालंय असं नाही, काउंटरवरचा माणूस कितीही ठामपणे म्हणाला तरी.

दोन. कमी कागदपत्रांवर उघडलेलं 'छोटं खातं'. त्याला मर्यादा असतात: शिल्लक ५०,००० पर्यंत, वर्षभराची जमा १ लाखापर्यंत, महिन्याला १०,००० पर्यंतच काढता येतात. सरकारी अनुदानाला शिल्लकेची मर्यादा लागू नाही, पण खडापारशींचे ७२,००० आले तरी महिन्याला १०,००० पेक्षा जास्त निघत नाहीत, मग सात दिवसांत फी भरणार कशी? अर्जाच्या आधी शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करून ते साधं बचत खातं करून घ्या. अज्ञानपणी पालकाबरोबर उघडलेलं खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर तेही बदलून घ्यावं लागतं, नाहीतर व्यवहार गोठतात.

तीन. नाव. आधारवर 'पांडुरंग', बारावीच्या गुणपत्रिकेवर 'पांडूरंग'. एका वेलांटीने किंवा उकाराने अर्ज सेंड बॅक होतो, म्हणजे दुरुस्तीसाठी परत येतो.

आता वादाबद्दल. यातली पहिली दोन कारणं पैसे कॉलेजला गेले तर आपोआप नाहीशी होतात. म्हणून मी खडापारशींच्या बाजूने. पण शंभर टक्के नाही.

मधलीसुट्टी

सेंड बॅकचा विषय निघालाच आहे तर: अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्क लॉगिनला, मग प्राचार्यांच्या, मग विभागाकडे. कुठूनही परत आला की विद्यार्थ्याच्या लॉगिनला पडतो, आणि त्याने पोर्टल उघडलं नाही तर तिथेच मुदत संपते. एसएमएसवर विसंबू नये. कॉलेजच्या क्लार्ककडे अडकलेला अर्ज तर पोराला फक्त 'अंडर स्क्रूटिनी' दिसतो. ज्या कॉलेजात सगळ्या योजनांना मिळून एकच माणूस आहे आणि तोच परीक्षा विभागातही आहे, तिथे तो जानेवारीत गठ्ठा उघडतो. फी कॉलेजच्या खात्यात गेली तर निदान कॉलेजला ही घाई राहील. आत्ता त्यांना काय फरक पडतो? पोराच्या मागे लागायचं, बस.

वडाळा_डेपो

मी पूर्ण विरोधात. फी-फी करताना मुंबईत शिकण्याचा मुख्य खर्च कुणी मोजतच नाही. अनुदानित तुकडीतल्या बीए-बीकॉमची फी किरकोळ असते, तिथे मारतं ते भाडं आणि जेवण.

स्वाधार योजना घ्या. शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मुंबईसाठी वर्षाला ६०,००० ठरले: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांच्या स्वयम योजनेतही हेच आकडे आणि ओबीसींच्या ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेतही. २०,००० ला बाराने भागा, महिना १,६६६ रुपये निवासाला. कलिनाच्या आसपास, किंवा अगदी मानखुर्दला, १,६६६ मध्ये कॉट सोडा, कॉटखाली ट्रंक ठेवायलाही कुणी देणार नाही. जेवणाला महिना २,६६७. दोन वेळची मेस यात बसवून दाखवा.

वर उत्पन्नाची अट अडीच लाख, म्हणजे महिना २०,८३३. आई धुणंभांडी आणि बाप वॉचमन असेल तर दोघांची मिळकत इथवर सहज पोचते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीलाही हीच अट आहे. ती ओलांडली की अनुसूचित जातीच्या मुलाला फ्रीशिप: फी माफ, भत्ता शून्य. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागासांच्या राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीला मर्यादा ८ लाख. इथे अडीच, तिथे आठ. का?

फी कुणाच्या खात्यात जाते यावर भांडण्यापेक्षा हा २०,००० चा आकडा बदलायला लावा.

खडापारशी

@वडाळा_डेपो, मुद्दा रास्त, पण माझ्या मुद्द्याच्या विरोधात कसा? निवासाचे पैसे वाढवा असं मीही म्हणेन. ते विद्यार्थ्याच्या खात्यातच जावेत.

वडाळा_डेपो

विरोधात असा, की फी कॉलेजला दिली की सरकार म्हणणार 'आम्ही शिक्षण मोफत केलं' आणि फाइल बंद. मुलींच्या फी माफीचं तसंच झालंय. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय: व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. चांगला निर्णय, टाळ्या वाजवल्याच पाहिजेत. पण पावती वाचा: विकास निधी, जिमखाना, ग्रंथालय, अनामत हे त्यात नाही. व्यवस्थापन कोट्यात नाही, खाजगी अभिमत विद्यापीठात नाही. घरी मात्र 'मुलीचं शिक्षण फुकट झालं' असा समज, आणि जूनमध्ये खिडकीवर धक्का.

दप्तरबंद

आणि ते १०० टक्के शुल्क संस्थेला वेळेवर मिळत नाही म्हणून संस्था त्या इतर शुल्कांत भर घालतात. खडापारशींनी हेही बघावं. पैसे कुणाच्याही खात्यात टाका, उशिरा टाकले की भुर्दंड शेवटी विद्यार्थ्यावरच.

२०१८ च्या फेब्रुवारीत देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतला संप आठवा. भारत सरकारची (हीच मॅट्रिकोत्तर) शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलांना वसतिगृह आणि मेसच्या शुल्कात असलेली सूट काढली, 'आधी भरा, मग परतावा' म्हटलं, आणि तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटीपर्यंतचे कॅम्पस बंद पडले. सरकारकडून पुरेसा पैसा येत नाही, हेच संस्थेचं म्हणणं होतं.

सायनकोळीवाडा

मग मधला मार्ग सुचवतो. ई-रुपी. २ ऑगस्ट २०२१ ला सुरू झालेलं हे व्हाउचर ठरलेल्या कामासाठीच वापरता येतं. विद्यार्थ्याच्या मोबाईलवर येईल, तो कॉलेजच्या काउंटरवर स्कॅन करून देईल, पैसे कॉलेजच्या खात्यात. किती मंजूर झाले ते विद्यार्थ्याला कळतं आणि त्याच्या संमतीशिवाय हलत नाही, म्हणजे दप्तरबंद खूश. दुसरीकडे खर्च होत नाही, म्हणजे खडापारशी खूश. बँक खातंच लागत नाही, त्यामुळे सीडिंगची कटकटही गेली.

मधलीसुट्टी

कल्पना बरी आहे, पण सरकारी व्हाउचरची मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये १०,००० वरून १ लाख केली. ७२,००० बसतील. खाजगी मेडिकलची फी बसणार नाही, तिथे तुकडे करावे लागतील. आणि मोबाईल नंबर बदलणारी पोरं? अर्जात काकाचा नंबर, काका गावाला.

खडापारशी

चालेल मला. माझा आग्रह खात्याचा नाही, हॉल तिकीट अडू नये एवढाच आहे. जोडीला एक अट: मंजूर झालेला अर्ज पोर्टलवर 'शासनाकडून येणे' असा कॉलेजच्या खतावणीत आपोआप दिसावा आणि तेवढ्या रकमेसाठी विद्यार्थ्याला थकबाकीदार दाखवायला सिस्टिमनेच नकार द्यावा.

दप्तरबंद

अर्ज मंजूरच मार्चमध्ये झाला तर? डिसेंबरच्या परीक्षेचं हॉल तिकीट कोण देणार? तुमची अट 'मंजूर' ऐवजी 'दाखल' शब्दावर हवी. आणि तसं केलंत तर नामंजूर झालेल्यांची फी कुणी भरायची, यावर कॉलेजं न्यायालयात जातील.

फलाट_सहा

वाद चालू ठेवा, पण खुल्या प्रवर्गातली आणि कुठल्याच योजनेत न बसणारी पोरं इथे असतील तर: केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती बघा, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. बारावीला बोर्डात आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर, घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, नियमित पदवी. पहिली तीन वर्षं १२,००० आणि पदव्युत्तरला २०,०००. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत, शंभरातल्या ऐंशींच्या पुढे असणं, हे न कळल्याने कित्येक जण अर्जच करत नाहीत. दुसरी शिष्यवृत्ती किंवा फी सवलत घेत असाल तर ही मिळत नाही, त्यामुळे आधी बेरीज करून ठरवा. शाहू योजनेत फी अर्धी सुटत असेल आणि ती अर्धी १२,००० पेक्षा जास्त असेल तर शाहू घ्या. शाहूला कुटुंबातली पहिली दोनच अपत्यं चालतात, तिसऱ्याने मात्र केंद्राचीच बघावी.

सायनकोळीवाडा

@दप्तरबंद, नामंजुरी बहुतेक कशावरून होते ते बघा: उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा, जात पडताळणीची नुसती पोचपावती, गॅपचं (शिक्षणात पडलेल्या खंडाचं) प्रतिज्ञापत्र नाही. पडताळणीला तर ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. मुंबईत भाड्याच्या खोलीत वाढलेल्या पोराचा आजोबांच्या शाळेचा दाखला सातारा-लातूरला कुठल्या तरी कपाटात असतो. हे सगळं प्रवेशाच्या वेळी तपासलं तर 'दाखल' आणि 'मंजूर' यांतलं अंतर फार उरणार नाही. उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढा. अंधेरी, बोरिवली, कुर्ला, तिन्ही तहसीलला जूनमध्ये रांग लागते.

दप्तरबंद

प्रवेशाच्या वेळी तपासणार कोण? मधलीसुट्टींचा तो एकटा क्लार्क?

मधलीसुट्टी

तोच. आणि जूनमध्ये तो प्रवेशाच्या टेबलावर बसलेला असतो.