मदत हवी आहे: डिप्लॉयमेंट ऑटोमेट करायचंय, पण मायग्रेशनचं काय करू?

नमस्कार मंडळी,

दादरला आमचं चार जणांचं ऑफिस आहे. घरगुती फराळ आणि मोदकांच्या ऑर्डरी घेणारं ॲप चालवतो. कोड जँगोत (पायथनची वेब फ्रेमवर्क), डेटाबेस पोस्टग्रेस, एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजनमध्ये दोन सर्व्हर, दोघांना डेटाबेस एकच, पुढे ट्रॅफिक दोघांत वाटणारा लोड बॅलन्सर. नवा कोड चढवायचा म्हणजे एसएसएचने (दुरून लॉगिन) एकेका सर्व्हरवर शिरायचं, गिट पुल करून नवा कोड ओढायचा, मायग्रेट (डेटाबेसच्या रचनेतले बदल लागू करणं), रीस्टार्ट. सगळं हाताने.

गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मी पहिल्या सर्व्हरवर कोड चढवला आणि मायग्रेशन चालवलं. त्यात एका कॉलमचं नाव बदललं होतं. तेवढ्यात फोन आला आणि दुसरा सर्व्हर जुन्याच कोडवर राहिला. ऑर्डर लागायची, पण पुढचं पान जुन्या कोडच्या सर्व्हरकडे गेलं की तो जुन्या नावाचा कॉलम शोधायचा आणि ५०० एरर (सर्व्हरमधली चूक). एका काकूंना ऑर्डर लागल्याचं दिसलंच नाही, म्हणून त्यांनी पुन्हा बटण दाबलं. स्वयंपाकघरात २१ मोदकांच्या दोन चिठ्ठ्या छापून आल्या आणि ४२ मोदक उकडले गेले. त्या बायकांचे दमलेले चेहरे अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत.

गिटहब ॲक्शन्स (कोड बदलला की कामं आपोआप चालवणारं) आणि अन्सिबल (सर्व्हरवरची कामं स्क्रिप्टने करणारं) पुरेल, की सरळ कुबरनेटीसवर (बऱ्याच सर्व्हरवर ॲप चालवणारी यंत्रणा) जावं? आणि खरी अडचण ही: कोड मागे घेता येतो, पण मायग्रेशन होऊन गेल्यावर जुना कोड चालणार कसा?

प्रतिसाद १
दोन सर्व्हरसाठी कुबरनेटीस नको. ईकेएसच्या (एडब्ल्यूएसवरचं कुबरनेटीस) नुसत्या कंट्रोल प्लेनचे, म्हणजे नियंत्रण करणाऱ्या भागाचे, तासाला ०.१० डॉलर, म्हणजे महिन्याला ७३ च्या आसपास; नोडचे (ॲप प्रत्यक्ष चालवणारे सर्व्हर) वेगळे. अन्सिबलमध्ये सिरियल १ ठेवा, म्हणजे एका वेळी एकच सर्व्हर. एक सर्व्हर लोड बॅलन्सरमधून काढायचा, कोड चढवायचा, हेल्थ चेक (ॲप नीट चालतंय का ही तपासणी) पास झाला की परत जोडायचा, मगच दुसरा. पहिला नापास झाला तर दुसऱ्याला हात लागत नाही. मायग्रेशन मात्र एकदाच चालवा.

आणि कॉलमचं नाव कधीच एका फटक्यात बदलू नका. आधी नवा कॉलम जोडा, तोही नल (रिकामा) चालेल असा, नाहीतर जुन्या कोडचा इन्सर्ट (नवी नोंद घालणं) अडकेल. मग दोन्हींत लिहिणारा कोड चढवा, जुना डेटा भरून घ्या, वाचन नव्यावर न्या. जुना कॉलम सगळ्यात शेवटी काढा.

धागाकर्ता
हे पटलं, खूप आभार. जुना कॉलम किती दिवस ठेवता?

प्रतिसाद १
दिवस नाही, रिलीज मोजा. तो कॉलम वापरणाऱ्या कोडवर परत जायची वेळ येणार नाही अशी खात्री झाली की काढायचा. आम्ही दोन रिलीज थांबतो.