फिकट सर्पिल दीर्घिकांमधला वायू मोजतात कसा?

परीक्षित_वाई
विज्ञान दिनाला खोडदची जीएमआरटी दुर्बीण बघून आलो. मालिन-१ ही दीर्घिका फोटोत जेमतेम दिसते, पण हायड्रोजन मात्र अफाट, असं तिथे कळलं. तारेच धड दिसत नाहीत तर वायूचं वजन केलं कसं? आणि एवढा वायू असून तारे का नाहीत? मी कॉमर्सवाला, बेताने घ्या.

तिरपा_कोन
परीक्षितराव, वायूचं गणित सोपं आहे. अणुरूप हायड्रोजन २१ सेंमीच्या रेडिओलहरी सोडतो. मालिन-१ दूर पळतेय म्हणून त्या ताणून जवळपास २३ सेंमीच्या होऊन पोचतात. आलेली ऊर्जा मोजा, अंतराच्या वर्गाने गुणा, अणूंचा हिशेब लागतो. भरतो सुमारे ७ हजार कोटी सूर्यांइतका. फक्त अंतर सांभाळा. ही १९८६ साली सापडली ती कन्या दीर्घिकासमूहाच्या फोटोंत, पण आहे त्याच्या खूप मागे, शंभर कोटी प्रकाशवर्षांहून लांब. तिला त्या समूहातलीच समजून अंतर वीसपट कमी धरलं असतं तर वायू चारशेपट कमी भरला असता!

मला धास्ती वाटते ती एकूण वस्तुमानाची. त्यासाठी वायूचा फिरण्याचा वेग लागतो (वेग जितका जास्त, तितकं त्याला धरून ठेवणारं वस्तुमान जास्त, तेही वेगाच्या वर्गाने), आणि आपल्याला दिसतो तो फक्त आपल्या दिशेचा भाग. दीर्घिकेची तबकडी आपल्याकडून बघताना किती कललीय (अगदी समोरून दिसली तर कल शून्य) ते ठरवल्याशिवाय खरा वेग निघत नाही. मालिन-१चा कल साधारण ३८ अंश धरतात. तोच ३० धरा, वस्तुमान थेट दीडपट! बरं, फिकट दीर्घिकेची कडा फोटोत कुठे संपते तेच दिसत नाही, मग कल ठरवायचा कशावरून? वायूच्याच वेगनकाशावरून, म्हणजे कुठला वायू आपल्याकडे किंवा दूर किती वेगाने जातोय त्या नकाशावरून. म्हणून कुणी छातीठोक आकडा सांगितला की मी आधी विचारतो, कल किती धरलात?

निमा_कुलाबा
कोन, आकडा तरी टाका हो.

तिरपा_कोन
वायूचा फिरण्याचा वेग सेकंदाला २०० किमी, केंद्रापासून सव्वातीन लाख प्रकाशवर्षांवर. म्हणजे आतलं वस्तुमान लाख कोटी सूर्यांच्या आसपास. तारे आणि वायू मिळून त्यातला छोटा हिस्सा, उरलेलं कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाने कळणारं द्रव्य.

ताऱ्यांचं राहिलंच. वायू भरपूर, पण भल्यामोठ्या परातीत चमचाभर तूप फासावं तसा पसरलेला. स्वतःच्या गुरुत्वाने आकसून ढग बनायला लागते तेवढी घनता बहुतेक ठिकाणी नाही.

आणि निमाताई, ७ हजार कोटी हा नुसता अणुरूप हायड्रोजन. हेलियमसाठी वर एक तृतीयांश चढवा. रेणुरूप हायड्रोजन २१ सेंमीत दिसतच नाही, तो वेगळा शोधावा लागतो.